गिनीपिगचा आहार: आधी गवत, मग बाकीचे

गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला, पूर्णपणे शाकाहारी प्राणी. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याचा आहार ठरतो तो मुख्यतः या दोन गोष्टींवरून.

दात झिजावेत आणि आतड्यांचे काम सुरळीत चालावे, यासाठी वाळलेले गवत दिवसरात्र समोर हवे. आहाराचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. चांगले गवत हिरवट, कोरडे आणि सुवासिक असते. झटकल्यावर धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ते टाकून द्यावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे टिमोथी गवत यासाठी उत्तम. लसूणघासात प्रथिने व कॅल्शियम जास्त असते. तो पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो; मोठ्यांना रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. हरळी ताजी द्यायची तर ती कीटकनाशक न फवारलेल्या जागेतली असावी.

क जीवनसत्त्व कमी पडले की स्कर्व्ही होतो: सांधे सुजतात, केस राठ होतात, चालणे मंदावते. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांना १९०७ मध्ये केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्येच हा आजार आढळला होता. निरोगी गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. सुमारे २५ ग्रॅम ढोबळी मिरचीतून त्यातले २० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. जोडीला थोडी कोथिंबीर किंवा लेट्यूस द्यावे. पालक अधूनमधूनच, कारण त्यात ऑक्झलेट बरेच असते. गाजर आणि फळे गोड, म्हणून एखादी छोटी फोडच पुरे.

पेलेट म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्या खास गिनीपिगसाठी बनवलेल्या घ्याव्यात; सशांच्या गोळ्यांत सहसा क जीवनसत्त्व घातलेले नसते. मोठ्याला दिवसाला एक-दोन चमचे पुरतात. साठवणीत हे जीवनसत्त्व घटत जाते, म्हणून पाकिटावरची तारीख पाहून लहान पाकीट घ्यावे.

कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, दूध, पोळी, बिस्किटे देऊ नयेत. नवा पदार्थ थोडाथोडा सुरू करावा आणि स्वच्छ पाणी कायम ठेवावे. गिनीपिगने दिवसभर तोंड लावले नाही, तर पशुवैद्याकडे नेण्यास उशीर करू नये; पोट रिकामे राहिल्यास त्याची आतडी लवकर मंदावतात.