हुकूम पिनचा, करंट ड्रायव्हरचा

स्टेपर मोटर सलग फिरत नाही, पावलापावलाने फिरते. थ्रीडी प्रिंटरमध्ये सर्रास दिसणारी नेमा १७ मोटर बहुधा एका पावलात १.८ अंश वळते, म्हणजे पूर्ण फेऱ्याला २०० पावले लागतात. (नावातल्या १७ वरून फक्त तोंडाचे माप कळते, १.७ इंच, ती किती करंट ओढेल ते कळत नाही.) आतल्या कॉइलना ठरावीक क्रमाने करंट मिळाला की रोटर पुढच्या जागी जाऊन बसतो. हा क्रम सांभाळणे एवढेच मायक्रोकंट्रोलरचे काम. करंट पुरवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि रोजच्या वापराला २० च धरावे. एसीच्या पट्ट्या हलवणारी २८बीवायजे-४८ ही अगदी गरीब मोटर. तिचीही एक कॉइल साधारण ५० ओहमची असते, म्हणजे ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर ओढते. तिच्यासाठी यूएलएन२००३ ही चिप पुरते. तिच्यात सात डार्लिंग्टन जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी ५०० मिलिअँपिअरपर्यंत सोसते. व्होल्टभर दाब मात्र ती स्वतःच खाते.

या चिपची नववी पिन मोटरच्या पुरवठ्याच्या धन टोकाला जोडावी लागते. कॉइलमधला करंट एका झटक्यात थांबत नाही. वाट बंद झाली की कॉइलच्या टोकांवरचा दाब उसळतो आणि ट्रान्झिस्टर फोडून बाहेर पडू पाहतो. चिपमधले डायोड त्याला सुरक्षित वाट देतात, पण ती वाट नवव्या पिनमधूनच जाते. पिन मोकळी राहिली तरी मोटर फिरते, म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

नेमा १७ चा मामला वेगळा. कॉइल १.५ ओहमची असेल तर १२ व्होल्ट थेट दिल्यावर ८ अँपिअर वाहू पाहतील. ए४९८८ सारखा ड्रायव्हर छोट्या रेझिस्टरवरून करंट मोजतो आणि मर्यादा गाठली की पुरवठा तोडतो. मर्यादा प्रिसेटच्या स्क्रूने ठरते. स्क्रूने जुळवायचे संदर्भ व्होल्टेज म्हणजे करंट, रेझिस्टर आणि ८ यांचा गुणाकार. बोर्डावरच्या रेझिस्टरवर ‘आर१००’ असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. ‘आर०५०’ असेल तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर! दिसायला बोर्ड सारखेच असतात. तेव्हा आधी भिंगाने अक्षरे वाचावीत, मग मल्टिमीटर उचलावा. हीटसिंकशिवाय १ अँपिअरच्या वर जाऊ नये.

ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर, अगदी पिनांजवळ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. चालू पुरवठा लांब वायरीने जोडला तर त्या क्षणी उसळणारा दाब १२ व्होल्टच्या सर्किटमध्येही ३५ व्होल्टची मर्यादा ओलांडू शकतो. पुरवठा चालू असताना मोटरची वायर काढणे हा ड्रायव्हर मारण्याचा हमखास मार्ग. सैल कनेक्टर तेच काम न सांगता करतो.

वायरींच्या रंगांवर विसंबू नये. कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो जड लागला तर त्या दोन्ही एकाच कॉइलच्या. मोटरला पुरवठा वेगळा द्यावा, ग्राउंड मात्र मोटर आणि कंट्रोलर दोघांचे एकच असावे. ते पुरवठ्यापाशीच जोडावे, म्हणजे मोटरचा परतीचा करंट कंट्रोलरच्या बारीक वायरीतून जाणार नाही. ‘इनेबल’ पिनवर १० किलोओहमचा पुलअप लावला की प्रोग्रॅम जागा होईपर्यंत ड्रायव्हर बंद राहतो.

स्टेपर मोटर जागच्या जागी उभी असतानाही करंट घेत राहते, त्यामुळे हात ठेववत नाही इतकी तापते. तिच्या वाइंडिंगला त्याचे काही वाटत नाही. बी वर्गाचे इन्सुलेशन १३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पण मोटर पीएलए प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर बसवली असेल तर करंट कमीच ठेवावा, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते.