पावसाचा आकडा आणि जुलाबाची साथ

पावसाचा पहिला मोठा तडाखा बसला की चार-पाच दिवसांत सरकारी रुग्णालयात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांना हे इतके पाठ आहे की आभाळ भरून आले की त्या आधी सलाईन आणि ओआरएसचा साठा मोजून घेतात. जे वॉर्डाला आधी कळते, ते गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात पडतो.

यामागचे कारण साधे आहे. नळाला पाणी दिवसाआड येते तेव्हा मधल्या वेळात पाइपमध्ये दाब नसतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. पावसात उकिरड्यावरची, उघड्यावरची घाण वाहून विहिरीत उतरते. त्यात पाणी गढूळ झाले की क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. काल पुरलेली टीसीएल पावडर आज अपुरी ठरते. म्हणून किती मिलिमीटर पाऊस पडला, पाणी किती गढूळ आहे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरला, हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचले तर साथीची चाहूल आधी लागू शकते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांनी दाखवून दिले की कॉलऱ्याचा जिवाणू खाडीच्या आणि नदीमुखाच्या पाण्यात कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो. पाण्याचे तापमान आणि त्यातले हिरवे प्लवक वाढले की हे जलचरही वाढतात, आणि या दोन्ही गोष्टी उपग्रहाला वरून दिसतात. गंमत म्हणजे याच बाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलरा सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. (आपल्याकडे माठावर एकपदरी फडके बांधतात, त्याने हे काम होत नाही.)

पुढे येमेनमध्ये हे ज्ञान कामी आले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या त्या देशात २०१७ या एका वर्षात कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आणि नासाच्या उपग्रहांची माहिती जोडून, कोणत्या भागात धोका वाढणार हे चार आठवडे आधी सांगण्याचा प्रयत्न झाला. युनिसेफची पथके त्या भागांत क्लोरीन आणि स्वच्छतेचे साहित्य घेऊन आधीच पोहोचली. त्या वर्षी रुग्ण बरेच घटले. त्याचे सगळे श्रेय उपग्रहाला देणे बरोबर नाही, पण डॉक्टर म्हणून मला त्यातले ‘आधीच’ महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे आकड्यांचा दुष्काळ मुळीच नाही. ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. साथरोगांची नोंद २०२१ पासून नव्या ऑनलाइन व्यवस्थेत होते. पण हे सारे वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या पोर्टलवर राहते. मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी ठरते आणि पिकांच्या पंचनाम्याची चर्चा सुरू होते. त्याच आकड्यावरून त्याच दिवशी कुणी क्लोरीनची मात्रा वाढवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. त्यासाठी भारी यंत्रणा लागत नाही; जलसुरक्षक, आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकारी या तिघांच्या फोनवर एक संदेश पुरे.

निकडही वाढते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या.

मात्र संगणकावर माझा आंधळा विश्वास नाही. एका गावातली साथ आटोक्यात आल्यावर आम्ही तिथली ओटी टेस्टची वही पाहिली. महिनाभर रोज ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे क्लोरीन आहे, अशी नोंद होती. अक्षर एक, शाई एक, बहुधा बैठकही एकच. अशी वही उद्या ॲपमध्ये भरली तर नकाशावर ते गाव हिरवे दिसेल आणि माणसे सलाईनवर असतील. वर कितीही हुशार यंत्रणा बसवा, खाली रोज टोकाच्या नळाशी जाऊन परीक्षानळीतला पिवळा रंग बघणारा माणूस हवाच, आणि त्याचे मानधन वेळेवर हवे.

विहिरींच्या पातळीचे आकडे वेगळ्या, सावकाश येणाऱ्या आजारांबद्दल बोलतात. पातळी खाली गेली की बोअर आणखी खोल जाते आणि खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त येते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या काही गावांत दातांवरचे तपकिरी पट्टे आणि आखडलेले सांधे त्यातूनच आले. इथे पाणी उकळून उपयोग नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते.

जुलाबाच्या साथीत मात्र उकळलेले पाणीच प्या. पावसाळ्यात आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे ते विचारा आणि ओटी टेस्ट टाकीजवळच्या नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळावर करून मागा. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, रुग्णालय गाठा. आणि एकाच गल्लीत दोघे-तिघे एकदम आजारी पडले तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा. नळाला पाणी किती वाजता आले होते आणि त्याचा रंग कसा होता, तेही सांगा.