आज्ञा फसली, पण घंटा वाजली नाही



गेल्या वर्षी शाळेच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह करण्याचे काम आम्ही संगणक कक्षात हाती घेतले. स्नेहसंमेलने, गणेशोत्सव, जुन्या वर्गखोल्या अशी कितीतरी छायाचित्रे पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरच्या आल्बममधून काढून विश्वासाने आणून दिली. ती स्कॅन करून मूळ प्रती आम्ही परत केल्या. पुढे संगणकावर जागा कमी पडू लागली, तेव्हा दहावीच्या एका विद्यार्थ्याने एकाच ओळीत दोन आज्ञा लिहिल्या : आधी सर्व चित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवणे आणि मग संगणकावरून ती पुसणे. एंटर दाबून तो दुसऱ्या कामाला लागला.

डिस्क मध्येच भरली. बरीच चित्रे उतरलीच नाहीत. पुसण्याची आज्ञा मात्र बिनबोभाट पार पडली. लिनक्समध्ये अशा आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीतही जात नाही. चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती. ती ओळ आम्ही आधी वाचली होती आणि ‘बरोबर आहे’ असे सांगितलेही होते.

यानंतर मुलांनीच एक उपाय सुचवला. आपण प्रोग्रॅम लिहिण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वापरतो. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये लोकांपुढे आणला. त्याच्या खालच्या भागात टर्मिनल उघडते आणि तिथे आज्ञा टाइप करता येतात. या एडिटरला एक्स्टेन्शन म्हणजे छोटे पूरक प्रोग्रॅम जोडता येतात. त्यांपैकी काही असे आहेत, की टर्मिनलमधली आज्ञा फसली की लगेच आवाज करतात. काहींत आपल्या आवडीचा आवाजही लावता येतो. कुकर गॅसवर ठेवून आपण दुसऱ्या खोलीत जातो आणि कान शिट्टीकडे ठेवतो, तशीच ही सोय आहे. काम लांबलचक असेल तर पडद्याकडे टक लावून बसावे लागत नाही.

संगणकाने घंटा वाजवण्याची कल्पना नवी नाही. जुन्या टेलिप्रिंटर यंत्रांत धातूची खरी घंटा असे. दूरच्या ऑपरेटरचे लक्ष वेधण्यासाठी तारेवरून एक ठरावीक संकेत पाठवला, की ती वाजे. १९६३ साली अक्षरांसाठी आस्की ही संकेतावली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातही ७ हा अंक घंटेसाठी राखून ठेवला गेला. आजच्या टर्मिनलमध्येही हा ७ क्रमांकाचा संकेत घंटेचाच मानला जातो.

पण आज्ञा फसली हे त्या एक्स्टेन्शनला कळते कसे? पडद्यावरचा मजकूर वाचून नव्हे. लिनक्समधला प्रत्येक प्रोग्रॅम संपताना मागे एक अंक ठेवून जातो. ० म्हणजे काम झाले. बाकी कोणताही अंक म्हणजे काही तरी वेगळे घडले. यशाला शून्य का, असे मुले नेहमी विचारतात. यश एकाच प्रकारचे असते, अपयशाची कारणे मात्र अनेक असतात, म्हणून उरलेले १ ते २५५ हे अंक त्यांच्यासाठी मोकळे ठेवले आहेत. उदाहरणार्थ, १२७ म्हणजे अशा नावाची आज्ञाच सापडली नाही. १२६ म्हणजे आज्ञा सापडली, पण ती चालवता आली नाही. कंट्रोल आणि सी ही बटणे दाबून आपणच काम थांबवले, तर बहुधा १३० येतो. आज्ञा संपली की शेल हा अंक गुपचूप एडिटरला कळवते. अंक शून्य असेल तर त्या आज्ञेशेजारी निळा ठिपका उमटतो, नसेल तर लाल. एक्स्टेन्शन याच अंकावरून आवाज करते.

हे सारे समजल्यावर आम्ही मुलांसमोर एक प्रयोग केला. आधीच भरलेला पेन ड्राइव्ह घेतला आणि त्यावर काही नमुन्याची चित्रे उतरवण्याची आज्ञा दिली. आवाज झाला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग गेल्या वर्षीचीच चूक मुद्दाम पुन्हा केली. उतरवण्याची आज्ञा, मग अर्धविराम, मग पुसण्याची आज्ञा, सर्व एका ओळीत. चित्रे उतरली नाहीत, जागची पुसली गेली आणि आवाज मुळीच झाला नाही. शेजारी ठिपकाही निळाच!

वर्ग एकदम शांत झाला. कारण सरळ आहे. अर्धविरामाचा अर्थ शेलसाठी एवढाच, की पहिले काम झाले किंवा फसले, तरी दुसरे करा. आणि अशा संपूर्ण ओळीचा अंक म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या आज्ञेचा अंक. पुसणे व्यवस्थित झाले, म्हणून अंक शून्य आला. म्हणजे गेल्या वर्षी हे एक्स्टेन्शन आमच्याकडे असते, तरी छायाचित्रे वाचली नसती.

तीच ओळ अर्धविरामाऐवजी ‘आणि’चे इंग्रजी चिन्ह, म्हणजे अँपरसँड, जोडून दोनदा घालून लिहिली की चित्र पालटते. आता पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी चालते. आम्ही प्रयोग पुन्हा केला. चित्रे उतरली नाहीत, पण ती जागची हललीही नाहीत आणि आवाजही झाला. दोन चिन्हांचा काय तो फरक.

अशीच फसगत उभ्या रेघेमुळेही होते. एका आज्ञेचे उत्तर दुसरीला पुरवण्यासाठी आपण ती रेघ वापरतो. तिथेही एरवी शेवटच्या आज्ञेचाच अंक धरला जातो. बॅश शेलमध्ये पाइपफेल ही सोय चालू केली, तर मधल्या आज्ञेचे अपयशही अंकात उतरते. उलट, कधी कधी काही बिघडलेले नसतानाही आवाज होतो. ग्रेप ही शोधण्याची आज्ञा हवा तो शब्द फाईलमध्ये नसेल, तर १ हा अंक देते. शब्द नसणे म्हणजे बिघाड नव्हे! असे आवाज वारंवार होऊ लागले, की माणूस कानाडोळा करायला लागतो आणि नेमक्या वेळी खरा इशारा हुकतो.

ज्यांना पडदा दिसत नाही किंवा अंधूक दिसतो, त्यांच्यासाठी हा आवाज केवळ सोय नसून गरज आहे. लाल ठिपका त्यांच्या काय उपयोगाचा? म्हणूनच व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये असे ध्वनिसंकेत मुळातच दिलेले आहेत. आज्ञा फसल्याचा संकेतही त्यांत आहे, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन तो कोणालाही चालू करता येतो. त्यामुळे आमचा सल्ला असा, की आधी ही अंगची सोय वापरून पाहा. बाहेरचे एक्स्टेन्शन घेतलेच, तर ते कोणी तयार केले आहे हे पाहून घ्या. कारण तोही आपल्या संगणकावर चालणारा एक प्रोग्रॅमच असतो.

आता संगणक कक्षात आम्ही तीन नियम लावले आहेत. एक, पुसण्याची आज्ञा उतरवण्याच्या आज्ञेमागे अर्धविराम देऊन कधीही लिहायची नाही. दोन, आवाज झाला तर हातातले काम थांबवून पडद्यावरची सूचना पूर्ण वाचायची. तीन, आवाज झाला नाही तरी पुसण्यापूर्वी दोन्हीकडच्या फायली मोजायच्या आणि दोन-चार उघडून पाहायच्या.

गेलेली छायाचित्रे मिळवण्यासाठी त्या विद्यार्थ्याला घेऊन आम्ही पुन्हा घरोघरी गेलो. बहुतेकांनी न रागावता आल्बम पुन्हा काढून दिले. एका आजींचा आल्बम मात्र तोवर लेकीबरोबर परगावी गेला होता. तो येईल तेव्हा येईल. संग्रहात त्याची जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.