डोळा, डोया आणि डोला

भिवंडीच्या एसटी स्थानकावर उभं राहिलं की अनेक भाषा कानावर पडतात. मागावरच्या कामगारांची उर्दू, पद्मशाली विणकरांची तेलुगू, कोकणी मुसलमानांची बोली आणि कशेळी, काल्हेर, कोनगावहून आलेल्या माणसांची आगरी. तालुक्याच्या खाडीकाठच्या गावांची घरची भाषा हीच. इथे गाडी ‘गारी’ असते, साडी ‘सारी’ आणि पाणी ‘पानी’. मोठ्या भावाला ‘दादूस’ म्हणतात.

शाळेत मात्र ‘गारी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावलं जातं. ते अन्यायाचं आहे, कारण या उच्चारांना पक्के नियम आहेत. घोडा हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘ड’साठी जीभ टाळूला जेमतेम फटका मारून परतते. ती थोडी पुढे टेकली की ‘र’ होतो आणि घोड्याचा ‘घोरा’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ड’ मात्र ठाम असतो, म्हणून डोळ्याचा ‘रोला’ कधी होत नाही. त्याचा होतो ‘डोला’. तिथे ‘ड’ तसाच राहतो आणि बदलतो तो ‘ळ’. हा नियम आगरी मूल शाळेत जाण्याआधीच शिकलेलं असतं, कुणीही न शिकवता.

पुण्यात डोळा, वऱ्हाडात डोया, भिवंडीत डोला. तिन्ही मराठीच. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली निघाला, त्यातही आगरीची नोंद मराठीच्या बोलींमध्येच आहे.

प्रमाण ठरवताना एका मुलखाची बोली पुढे येते आणि दुसऱ्याची मागे राहते, हे जगभर घडलं आहे. सोमालियाने 1972 मध्ये आपल्या भाषेसाठी रोमन लिपी स्वीकारली. लिखाणात आणि शाळांत उत्तरेकडच्या वळणाची ‘महा’ सोमाली रूढ झाली. जुबा आणि शबेले या नद्यांमधल्या शेतकरी मुलखाची ‘माय’ मागे पडली. दोन्ही नावं एकाच प्रश्नातून आली आहेत. ‘महा’ म्हणजे काय, आणि ‘माय’ म्हणजेही कायच!

आगरी हे नाव आगरावरून आलं. खाडीचं पाणी अडवून मीठ पिकवायचं ते मिठागर, बांध घालून भात पिकवायचं ते खाजण, आणि भरती-ओहोटीनुसार पाणी सोडायचं-रोखायचं दार म्हणजे उघाडी. हे शब्द कामातून घडले. आज माणकोली, पूर्णा, राहनाळच्या शेतांवर गोदामं उभी आहेत. उघाडीच उरली नाही, तर तिचं नाव घरात कोण काढणार?

सर्वांत मोठा ठेवा लग्नघरात आहे. आगरी लग्नात विधींची गाणी गाणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि तिची गाणी म्हणजे धवले. पूर्वी अनेक घरांत भटजीऐवजी तीच विधी चालवायची. तेराव्या शतकात महदंबेने ऋद्धिपुरात ‘धवळे’ रचले, तीही लग्नाचीच गाणी. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचा गौरव करतो. तोच शब्द, ‘ळ’चा ‘ल’ होऊन, भिवंडीच्या हळदीच्या मांडवात आजही ऐकू येतो. पुस्तकातल्या धवळ्यांना मान आणि मांडवातल्या धवल्यांना अशुद्धाचा शिक्का, हा भेद कोणत्याच कसोटीवर टिकत नाही.

हळदीला आता डीजे वाजतो. आगरी गीतांवर पोरं जोरात नाचतात आणि त्यातून बोली कानावर राहते, हे चांगलंच आहे. पण धवला वेगळा. तो धवलारणीच्या तोंडी असतो, बहुधा कुठे लिहिलेला नसतो, आणि तिच्याबरोबरच जातो.

येत्या लग्नसराईत तुमच्या घरी किंवा शेजारी धवले येणारी आजी असेल, तर फोन तिच्यासमोर ठेवा आणि पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. न कळलेल्या शब्दांचे अर्थ तिलाच विचारून लिहून ठेवा. लिहिताना ‘डोला’चा ‘डोळा’ करू नका.