षड्भुज गणेशाचे रूपक

गणेशचतुर्थीस घरोघरी बहुधा चतुर्भुज मूर्ती पूजिली जाते. परंतु शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणातील गणेश षड्भुज आहे. असे का? त्या सहा भुजा म्हणजे षड्दर्शने होत. तर्क हा परशु, नीतिभेद हा अंकुश, आणि मोदकातील गोडी ती वेदान्ताची! ‘सारखा’ म्हटले की उपमा. तो शब्द गळून दोन्ही वस्तू एकरूप झाल्या की रूपक. श्रीज्ञानदेवांनी ते अंगोपांगी निभावले, म्हणून ते सांगरूपक. आम्ही कीर्तनात श्रोत्यांस हेच विनवितो, की भुजा मोजून थांबू नये, त्यांचा अर्थ पुसावा. लेखकानेही अर्थावाचून एकही अवयव रूपकास जोडू नये. आज नैवेद्याचा मोदक अर्पिताना त्यातील वेदान्तही भाविकांनी आठवावा.