आकाशगंगेच्या कडेचे रसायन

खगोलशास्त्रावर मराठीत लिहिताना ‘धातू’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्या मूलद्रव्यांना धातू म्हणतात. त्यांच्या लेखी कार्बन धातू आणि ऑक्सिजनही धातूच. विद्यार्थ्यापुढे हा शब्द तसाच ठेवला तर त्याला लोखंड-तांबे आठवणार. म्हणून मी ‘जड मूलद्रव्ये’ असे लिहितो. पुढील विवेचन या मूलद्रव्यांच्या टंचाईविषयी आहे.

जड मूलद्रव्ये ताऱ्यांमध्ये घडतात आणि तारे संपताना अवकाशात विखुरतात. आकाशगंगेच्या आतल्या भागात तारे दाट, म्हणून तिथे ती मुबलक. कडेला तारे विरळ, म्हणून ती कमी. आपला सूर्य केंद्रापासून सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. ६२ हजार प्रकाशवर्षांवर गेलो, तर जड मूलद्रव्ये सूर्याच्या परिसरातल्यापेक्षा साधारण एक चतुर्थांशच उरतात.

तरीही तिथे रेणुमेघ आहेत. रेणुमेघ म्हणजे वायू आणि धुळीचे थंडगार ढग. त्यांच्या अंतर्भागात तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यांत हायड्रोजनचे रेणू सर्वाधिक, पण इतक्या थंडीत ते जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाहीत. १९७० साली अवकाशातल्या कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर लांबीची लहर टिपली गेली. तेव्हापासून या मेघांचा माग त्या रेणूवरूनच काढतात.

हाच कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठतो. त्याला हायड्रोजनचे चार अणू एकामागून एक चिकटले की मेथॅनॉल तयार होते. पुढच्या अनेक सेंद्रिय रेणूंची वाट त्यातूनच जाते. मेघात नवा तारा पेटला की भोवतालचे बर्फ उडून जाते आणि त्यात साठलेले रेणू दुर्बिणीला ‘दिसू’ लागतात. अशा जागेला उष्ण गाभा म्हणतात.

२०२१ साली जपानी संशोधकांनी चिलीतील अल्मा दुर्बिणीच्या साहाय्याने ६२ हजार प्रकाशवर्षांवर असा एक गाभा शोधला. तिथे मेथॅनॉल तर होतेच, शिवाय नऊ अणूंपर्यंतचे सेंद्रिय रेणूही होते. मेथॅनॉलच्या तुलनेत ते किती, हे पाहिले तर आकडे आतल्या भागातल्या तशाच गाभ्याशी जुळले.

हे गृहीत धरण्यासारखे नव्हते. मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, जड मूलद्रव्ये सूर्याच्या परिसराच्या निम्म्याहूनही कमी आहेत आणि तिथल्या काही उष्ण गाभ्यांत मेथॅनॉल फारच थोडे आढळते. तिथली धूळ तुलनेने उबदार असल्याने हायड्रोजनचे अणू जोडले जाण्याआधीच निसटतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे टंचाई एवढे एकच कारण पुरत नाही; थंडीही लागते.

इथे शिक्षकाला आणखी एक शब्द सांभाळावा लागतो. ‘प्रमाण’ हा शब्द आपण ‘किती आहे’ यासाठीही वापरतो आणि ‘कशाच्या तुलनेत किती’ यासाठीही. ‘कडेला सेंद्रिय रेणूंचे प्रमाण तेवढेच आहे’ असे वाक्य वर्गात गेले, तर कच्चा माल चौथाई असूनही माल तेवढाच, असा अर्थ होईल. जुळते ते रेणूंचे एकमेकांशी गुणोत्तर. कडेला जिन्नस कमी पडतात, पण पाककृती तीच राहू शकते, एवढेच या गाभ्यावरून म्हणता येते. म्हणून अशा ठिकाणी मी ‘गुणोत्तर’ लिहितो.