विसराळू संगणकाचा जांबुवंत

श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून सुमारे २५ किलोमीटर चालत असंख्य भाविक खुलताबादला येतात. इथला भद्रा मारुती आडवा पहुडलेला, निद्रिस्त आहे. मारुतीची आणखी एक गोष्ट घराघरांत सांगितली जाते. शापामुळे त्याला स्वतःच्याच शक्तीचा विसर पडला होता. समुद्रकाठी जांबुवंताने आठवण करून दिली, तेव्हा कुठे त्याने उड्डाण केले. लिनक्सवर चालणारा संगणकही असाच विसराळू आहे.

लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला. आपल्या मोबाइलमधील अँड्रॉइड त्यावरच उभे आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सचे आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील ‘प्रत्युष’ही २०१८ मध्ये त्या यादीत होता.

मेमरी कशी वापरायची, नेटवर्क कसे हाताळायचे, बिघाड झाल्यास काय करायचे, अशा शेकडो गोष्टींची मूल्ये कर्नलकडे ठरलेली असतात. संगणक चालू असताना ‘सिसकंट्रोल’ या आज्ञेने ती बदलता येतात. मात्र हा बदल फळ्यावर खडूने लिहिल्यासारखा असतो. संगणक बंद होऊन सुरू झाला, की फळा कोरा आणि मूळ मूल्ये परत.

समजा, एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या नोंदी ठेवणारा संगणक आहे. कर्नलमध्येच गंभीर बिघाड झाला, तर काय करायचे हे ‘कर्नल डॉट पॅनिक’ हे मूल्य ठरवते. ते सहसा ० असते. म्हणजे कोणी येऊन बटण दाबेपर्यंत यंत्र थिजून राहते. १० केले, तर दहा सेकंदांनी ते आपोआप पुन्हा सुरू होते. तंत्रज्ञाने १० केले आणि तो निघून गेला. आठवड्याने वीज गेली, आली. १० चे पुन्हा ० झाले. काम सुरळीत असल्याने कोणाला पत्ता नाही. चार महिन्यांनी एका रात्री खरोखर बिघाड झाला. सकाळी दारात रुग्णांची रांग आणि पडदा थिजलेला!

उपाय एका ओळीचा आहे. ‘ईटीसी’ फोल्डरच्या आत ‘सिसकंट्रोल डॉट डी’ नावाचे फोल्डर असते. त्यात ‘डॉट कॉन्फ’ने संपणारी साधी फाइल करून ‘कर्नल डॉट पॅनिक = १०’ असे लिहायचे. डिस्कवरची ही फाइल वीज गेल्यावरही टिकते. संगणक सुरू होताना ‘सिस्टिमडी’ ती वाचून कर्नलला आठवण करून देते. हाच आपला जांबुवंत.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. अशा फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकाच मूल्याबद्दल दोघींत मतभेद असेल, तर शेवटचीचे चालते. म्हणून आपल्या फाइलचे नाव ‘९९’ने सुरू करण्याची पद्धत आहे. शिवाय काही मूल्ये कर्नलच्या जोडभागांची, म्हणजे मॉड्यूलची असतात. तो भाग उशिरा जोडला गेला, तर आठवण करून देऊनही उपयोग होत नाही.

म्हणून बदल केल्यावर, गर्दी नसताना, यंत्र एकदा मुद्दाम बंद करून सुरू करावे आणि मूल्य वाचून पाहावे. वीज जाण्याची वाट पाहण्यापेक्षा ही पाच मिनिटे स्वस्त पडतात.